नादुरुस्त, मालक हजर

भिकाबाई राठोड रोज सकाळी शेळ्या घेऊन फाट्यावरून जायची, आणि जाताजाता जीपच्या बॉनेटवर हात टेकवून चपलेतला खडा काढायची. खडा नसला तरी काढायची. त्या दिवशी तिचा हात ओल्या कागदावर पडला. कागदाखालची खळ अजून वाळली नव्हती. कागदावर गोल शिक्का होता, आणि असाच कागद पलीकडच्या टेम्पोवरही डकवलेला होता.

चिंचफाट्याला रस्त्याच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला तांडा. इकडं बाळापूर, तिकडं डोंगरकडा. मधे लिंबाचं मोठं झाड, चहाच्या दोन टपऱ्या, पंक्चरवाला आणि एसटीचा थांबा. लिंबाखाली सात वर्षांपासून भिकाबाईच्या नवऱ्याची, हिरासिंगची, जीप उभी होती. सुरुवातीला ती एकटीच होती. मग कुणाचा टेम्पो आला, उकंडराव पाटलांचा पुढची चाकं नसलेला ट्रॅक्टर आला, मोटारसायकली आल्या. मेलेल्या गाडीला सोबत लागते की काय कोण जाणे, पण बघता बघता तिथं नऊ वाहनं गोळा झाली होती, आणि सावलीत जागा न उरल्यानं थांब्यावरची माणसं उन्हात, रस्त्यात उभी राहायला लागली होती.

भिकाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद अलगद सोलून काढला आणि शेळ्या परत फिरवून घरी आणल्या. सून सपना चुलीपाशी होती. दिपक, भिकाबाईचा मुलगा, पुण्याला एका कंपनीची बस चालवायचा. घरी या दोघीच. एरवी दोघी आपसात तांड्याच्या गोरमाटी बोलीत बोलायच्या, पण कागदाचं काही निघालं की आपसूक मराठीवर यायच्या.

सपनानं हात पुसले आणि वाचलं, "सूचना. सार्वजनिक जागेवर उभी असलेली बेवारस व नादुरुस्त वाहने मालकांनी पंधरा दिवसांत कागदपत्रे दाखवून हलवावीत. अन्यथा पंचनामा करून लिलाव करण्यात येईल."

"नादुरुस्तच्या आदी कोणता शब्द म्हणालीस?"

"बेवारस."

भिकाबाईनं हा शब्द एकदाच ऐकला होता. बाळापूरच्या दवाखान्यात, व्हरांड्यात चादर टाकून ठेवलेल्या एका माणसाबद्दल पोलीस बोलत होता तेव्हा.

"मी काय मेले?" ती म्हणाली. "तू हायस, दिपक हाय. बेवारस काहून?"

"आत्या, समद्या गाड्यांवर तसंच लिहिलंय."

"समद्यांचं समद्यांपाशी," भिकाबाई म्हणाली आणि लुगड्याचा पदर खोचून ट्रंकेकडं गेली.

हिरासिंगनं ती जीप एकोणीस वर्षं चालवली होती. बाळापूर ते डोंगरकडा, दिवसाला पाच फेऱ्या. नऊ माणसांची गाडी, पण ती नऊवर कधी सुटली नाही. बाजाराच्या दिवशी मागच्या फळीवर चार जण उभे, टपावर कोंबड्यांची खुराडी. तांड्यातली बाळंतपणं, गावातली लग्नं, सगळ्यांना तीच एक गाडी. शेवटी एका उन्हाळ्यात इंजिन धरलं, जाम झालं. "मिस्त्री येऊन राहिला," असं हिरासिंग महिनाभर सांगत होता. मिस्त्री यायच्या आत एका दुपारी अंगणात बसल्या जागी त्याच्या छातीत कळ आली, आणि आपली गाडी बंद म्हणून दुसऱ्याची गाडी बघेपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून जीप जिथं बंद पडली तिथंच होती. ती हलवावी असं भिकाबाईच्या मनात कधी आलं नाही. झाड जागचं हलवायचं कुणाच्या मनात येतं का, तसंच ते.

ट्रंकेतून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गाडीच्या नोंदणीचं पुस्तक काढलं आणि ग्रामपंचायत गाठली.

ग्रामसेविका निता मॅडम वसमतकडच्या, वयानं लहान. त्यांनी भिकाबाईला खुर्ची दिली आणि आधी पाणी पाजलं.

"मावशी, गाड्यांचा राग नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तिघांना डेंग्यू झाला ना? आरोग्यवाल्या ताईंनी फाट्यावर तपासलं. टायरांमध्ये, टेम्पोच्या तळाशी पाणी साचलेलं, सगळ्यात अळ्या. म्हणून ग्रामसभेनं ठराव घेतला."

डेंग्यूचं भिकाबाईला ठाऊक होतं. त्या तिघांत तांड्यातलं एक लेकरू होतं, तिनं स्वतः त्याच्या उशाशी दोन दिवस काढले होते.

"पाण्याचं बराबर हाय, म्याडम. पण त्या कागदावर बेवारस काहून लिहिलं?"

"छापील मजकूर आहे तो. तुमचे कागद बघते, मालकी दिसली की यादीत तशी दुरुस्ती करते. हे काय, पुस्तक आणलंय की."

निता मॅडमनी पिशवी उघडली. पुस्तकाच्या मागं घड्या घातलेल्या तीन चिठ्ठ्या होत्या, त्या न उघडता त्यांनी बाजूला ठेवल्या. नंबर एमएच बावीसचा, म्हणजे परभणीचा. हिंगोलीला स्वतःचा नंबर मिळायच्या आधीचा. मग त्यांनी नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि भिकाबाईकडं पाहिलं.

"मावशी, यावर रामजी सोनबा पाईकराव असं नाव आहे. राहणार डोंगरकडा."

"व्हय. त्यायच्याकडूनच घेतली हुती."

"घेतली असेल, पण नावावर झालीच नाही. कागदानं ही गाडी तुमच्या मालकांची कधीच नव्हती."

दारात उभा असलेला शिपाई सटवाजी, ज्यानं पहाटे त्या नोटिसा डकवल्या होत्या, हळूच म्हणाला, "म्हंजी खरा मालक डोंगरकड्यात बसून राहिला अन् भांडाया आल्या भिकामावशी."

"सटवाजी, चहा सांगा," निता मॅडम म्हणाल्या.

चहा आला, पण भिकाबाईनं तो बशीत ओतून तसाच ठेवला. एकोणीस वर्षं. रोज सकाळी हिरासिंग त्या गाडीचं नाक फडक्यानं पुसायचा. आणि पुस्तकात तो कुठंच नव्हता. तिनं चिठ्ठ्या आणि पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं.

"रामजींनी येऊन लिहून दिलं तर चालेल," निता मॅडम म्हणाल्या. "मालक तेच. ते हयात आहेत ना?"

हयात होता. पण हिरासिंग आणि रामजी यांचं बोलणं हिरासिंग जिवंत असतानाच तुटलं होतं. काहून तुटलं, हे भिकाबाईला कधी कळलं नव्हतं. एवढंच माहीत होतं, की दर होळीला तांड्यावर जेवायला येणारा माणूस एका वर्षी आला नाही, आणि हिरासिंगनं त्याचं नाव घेणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं डोंगरकड्याला उतरली. विचारत विचारत केळीच्या एका बागेच्या कडेनं गेली, तर निळ्या दाराच्या घरासमोर रामजी कुदळीला दांडा बसवत होता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदारी करून तो निवृत्त झाला होता. केस सगळे पांढरे, पण पाठ ताठ.

"राम राम, दादा. वळखलं का?"

त्यानं मान वर केली. "जय भीम, वहिनी. वळखलं की." कुदळ खाली ठेवून तो काही वेळ तिच्या पायांकडंच पाहत राहिला. "हिरासिंग गेल्याचं कळालं हुतं. आलो न्हाई."

"व्हय. वाट पाह्यली हुती आमी."

रामजीची बायको पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं भिकाबाईला हाताला धरून बाजेवर बसवलं. भिकाबाईनं नोटिशीचं सांगितलं, पुस्तकातल्या नावाचं सांगितलं. रामजी ऐकत होता, पण त्याचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"माझं नाव हाय ते मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्याच्यापायीच सगळं झालं. मला सरकारी नोकरी लागली म्हणून मी गाडी त्याला दिली. तो म्हणाला, दोन महिन्यांत नावावर करून घेतो. वर्सं गेली, वहिनी. मी कालव्यावर ड्युटी करायचो अन् माझ्या नावाची गाडी सोळा-सोळा माणसं भरून पळायची. कुठं उलटली असती तर? एकदा टॅक्सची नोटीस हापिसात आली. सायबानं चार माणसांत इचारलं, रामजी, तुमी धंदा करता का? मान खाली घालून उभा राह्यलो मी."

"त्यायला सांगायचं हुतं."

"सांगितलं की! तीन चिठ्ठ्या पाठवल्या. बाबा, नावावर करून घे, मी सह्या द्यायला तयार हाय. एकीचंबी उत्तर न्हाई. मग मी सोता फाट्यावर गेलो. गाडी भरलेली हुती. इचारलं, चिठ्ठ्या वाचल्या का? तर समद्या लोकांपुढं म्हणतो, वाचल्या, तुझ्या चिठ्ठ्यांना कोण इचारतं! मंग माझंबी डोकं फिरलं. बोलू नये ते बोललो. त्या दिवसापासून त्या रस्त्यानं गेलो न्हाई."

भिकाबाईनं तांब्या खाली ठेवला. पिशवीतून तिनं त्या तीन घड्या काढल्या आणि रामजीच्या हातात दिल्या.

"ह्या का?"

रामजीनं एक घडी उलगडली. स्वतःचंच अक्षर. कागद घडीवर पिवळा पडला होता, पण मळलेला नव्हता. कुणी उघडून बघितला असावा असंही वाटत नव्हतं.

"वाचल्या न्हाईत, दादा. वाचता येत न्हवतं त्यायला."

"कुणाला? हिरासिंगला?"

"एक अक्षर न्हाई. गावाच्या पाट्या रंगावरून अन् झाडावरून वळखायचे. हाटेलात पेपर हातात धरून बसायचे, मी सोता पाह्यलंय. लायसन काढायला आठवी पास लागायची ना तवा? ते त्यायनी कसं काढलं ते त्यायला अन् एजंटालाच ठाऊक. लई भ्याले हुते त्या हापिसाला. तिथं गेलं की शाळेचा दाखला मागतील, लायसन जाईल, गाडी जाईल. एकदा परभणीला गेले हुते नावाचं बघाया. फाटकातून माघारी आले. मला म्हणाले, गर्दी हुती."

"अन् चिठ्ठी कुणाकडून वाचून घ्यायची..." रामजी थांबला.

"कुणाकडून घेणार? घेतली असती तर कळालं असतं की समद्यायला."

रामजीनं दुसरी चिठ्ठी उलगडली, मग तिसरी. तिसरीत त्यानं काहीतरी कडक लिहिलं असावं, कारण ती वाचून त्यानं लगेच मिटली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"पण ठेवल्या त्यानं," तो म्हणाला.

"कागद टाकून देत न्हवते ते. कोणताच."

"माणसं पण!" पंचफुला म्हणाली. "बोलायचं सोडून समदं करतात." आणि ती भाकरी टाकायला आत गेली. भिकाबाईला जेवल्याशिवाय कुणी उठू दिलं नाही.

दोन दिवसांनी रामजी चिंचफाट्याला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एसटीतून उतरून तो आधी लिंबाखाली गेला, जीपला एक फेरी मारली आणि मग पंचायतीत आला. निता मॅडमपुढं त्यानं आधारकार्ड ठेवलं, पुस्तक ठेवलं आणि लिहून दिलं, की गाडी आपल्या नावावर आहे, हिरासिंग राठोड यांना विकली होती, ताबा त्यांच्या कुटुंबाकडं आहे. खाली त्यानं सही केली, भिकाबाईनं अंगठा दिला.

निता मॅडमनी यादी पुढं ओढली, पट्टी लावली आणि एक शब्द आडव्या रेघेनं खोडला.

"काय लिहिलं ते वाचून दावा," भिकाबाई म्हणाली.

"अनुक्रमांक एक. जीप. नादुरुस्त. मालक हजर."

"नादुरुस्त चालंल. नादुरुस्त तर हायच."

आता गाडीचं करायचं काय, हा प्रश्न उरला. निता मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. गाडी ओढून स्वतःच्या अंगणात नेता येते. खासगी जागेत, पाणी साचू न देता उभी केली तर पंचायतीची हरकत नाही. नाहीतर सरकारमान्य भंगार केंद्राला द्यायची, त्यांचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि आरटीओतून नोंदणी कायमची रद्द करायची.

सगळ्यांनी धरलं होतं की भिकाबाई जीप अंगणात नेणार. सटवाजीनं ट्रॅक्टरवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. सपनानं गोठ्याच्या शेजारची जागा झाडून काढली. दिपकचा फोन आला, "याडी, ठेव घरी, बापूची निशाणी हाय." दोन दिवस शेळ्या चारताना भिकाबाईच्या मनात तेच घोळत होतं. गाडी अंगणात आली तर रोज दिसेल, खरं. पण पुस्तक तसंच राहील, आणि त्या पुस्तकात रामजीचं नावही. हिरासिंगनं जे एक काम भीतीपायी उद्यावर ढकललं, ते असंच ढकललेलं राहील.

तिसऱ्या दिवशी तिनं सटवाजीला सांगितलं, "ट्रॅक्टर नगं. नोंदच काढून टाकायची."

"मावशी, इचार करा. तकलीफ लई हाय त्यात. हिंगोलीला चकरा मारायला लागतील."

"मारू."

पहिलंच काम अवघड निघालं. अर्जाला गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा छाप लागतो, आणि सात वर्षांच्या गंजाखाली नंबर कुठं गेला ते कुणालाच दिसेना. रामजी शर्ट काढून, गोणपाट अंथरून चाकामागं आडवा झाला. भिकाबाई रॉकेलची वाटी आणि पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसली. टपरीवरची माणसं चहाचे ग्लास घेऊन बघायला आली आणि जो तो सांगू लागला, इकडं असतो, तिकडं असतो. पाऊण तास घासल्यावर लोखंड चमकलं आणि एक आकडा वर आला. मग दुसरा. भिकाबाईला आकडे ओळखता यायचे. बाजार करणाऱ्या बाईला तेवढं यावंच लागतं. ती एकेक मोठ्यानं सांगत गेली, सटवाजी पुस्तकाशी ताडून पाहत गेला. जुळत गेलं तसा तिचा आवाज चढत गेला. मग रामजीनं वर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी फिरवली. कागदावर आख्खी ओळ उमटली.

हिंगोलीला तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला सांगितलं, जुनी नोंद परभणीहून मागवावी लागेल. दुसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता आणि तो येईपर्यंत रांग दुसऱ्या खिडकीला लागली. भिकाबाई रांगेत उभी असताना इकडं तिकडं बघत होती. ट्यूबलाइट, पंखे, कागदांचे गठ्ठे, घाम पुसणारी माणसं. याच असल्या फाटकातून हिरासिंग माघारी फिरला होता. तिला त्याचा राग आला, आणि रागापाठोपाठ इतकी कीव आली की तिनं पदर तोंडाला लावला. रामजीनं ते पाहिलं. तो रांगेत एक पाऊल पुढं सरकला आणि तिला पंख्याखाली घेतलं.

तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या माणसानं अर्ज पाहून विचारलं, "अर्जदार पाईकराव. या बाई कोण?"

"गाडी त्यांची," रामजी म्हणाला. "नाव तेवढं माझं हाय."

खिडकीवरच्या माणसाला हे काही कळलं नाही, पण त्यानं शिक्का मारला.

भंगार केंद्राचा ट्रक एका गुरुवारी आला. साखळी लावून जीप वर ओढली तेव्हा तिच्या खालून पिवळं पडलेलं गवत, एक फुटकी पाटी आणि मुंगसाची दोन पिल्लं निघाली. पिल्लं पळाली आणि जमलेली माणसं हसली. भिकाबाई हसली नाही, रडलीही नाही. ट्रक डोंगरकड्याच्या दिशेनं वळेपर्यंत ती उभी राहिली. दिपकसाठी तिनं गाडीचं स्टिअरिंग काढून मागितलं होतं, पण केंद्रवाल्यानं सांगितलं, गाडी जशी आहे तशीच द्यावी लागते, म्हणून तेही गेलं. घरी आल्यावर ती दुपारभर झोपली. सपनानं शेळ्या स्वतःच नेल्या.

पुढं महिन्याभरात रद्द झालेल्या नोंदणीचा कागद आला, रामजीच्या पत्त्यावर. तो घेऊन रामजी आणि पंचफुला तांड्यावर आले. सपनानं तो मोठ्यानं वाचला. सरकारी मजकूर होता, दोन ओळींचा. वाचून झाल्यावर रामजी म्हणाला, "आता माझ्या नावावर सायकलबी न्हाई," आणि पाय पसरून बसला, लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसासारखा.

फाट्यावरच्या उरलेल्या आठ गाड्यांपैकी तीन पंचायतीनं पंचनामा करून लिलावात काढल्या. त्यांचं खरंच कुणी नव्हतं, टेम्पोवाल्याचा तर पत्ताही लागला नाही. बाकीच्यांच्या मालकांना निता मॅडम नियम समजावून सांगायच्या, माणसं माना डोलवायची आणि बाहेर येऊन सटवाजीला विचारायची, "म्हंजी करायचं काय?" सटवाजी तांड्याकडं बोट दाखवायचा.

अशा रीतीनं एका सकाळी उकंडराव पाटील भिकाबाईच्या अंगणात आले. तांड्यावर ते मतं मागायला सोडून कधी आले नव्हते. बाजेवर बसून त्यांनी ट्रॅक्टरचं पुस्तक पुढं केलं. भिकाबाईनं ते हातात घेतलं नाही.

"नाव कुणाचं हाय?"

"थोरल्या भावाचं. वाटण्या झाल्या तवा ट्रॅक्टर माझ्याकडं आला."

"भाऊ कुठं असत्यात?"

"गावातच. वरच्या आळीला."

"बोलता का तुमी?"

उकंडरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "न्हाई. बारा वर्सं झाली."

"मंग हापिसात जाऊन उपेग न्हाई. आदी वरच्या आळीला जा. हात हालवत जा, पुस्तक नगं नेऊ. गेल्या गेल्या सह्याचं काढू नका."

"अन् त्यानं दार उघडलं न्हाई तर?"

"उगडतेत," भिकाबाई म्हणाली. "चहा घ्या आदी."

उकंडरावांना वरच्या आळीला जायला अकरा दिवस लागले. पण गेले. आणि त्यानंतरच्या सोमवारी फाट्यावर, लिंबाखाली रिकाम्या झालेल्या जागेत, दोघं पाटील भाऊ एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून हिंगोलीच्या एसटीची वाट पाहत उभे होते. दोघांच्या मधे भिकाबाई. तिला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं होतं, खिडकी दाखवायला.

"कागदं समदी घेतली का?" तिनं विचारलं.

थोरल्यानं पिशवी वर करून दाखवली.

"झेरॉक्स?"

"एकेक काढली."

"दोन-दोन काढा," भिकाबाई म्हणाली. "एक त्यायला लागती, अन् एक ते मागतेत."